शेतकऱ्याचा जुना फोन आणि सॉफ्टवेअरची लायब्ररी

सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी म्हणजे एकदा नीट लिहून ठेवलेला आणि पुढे अनेक ॲपांनी वापरायचा कोड. फोटो काढणे, स्थान नोंदवणे, तारखांचा हिशेब करणे, सर्व्हरशी सुरक्षितपणे बोलणे, मराठी जोडाक्षरे पडद्यावर जुळवणे ही कामे प्रत्येक ॲपकर्ता नव्याने लिहीत बसत नाही. तो त्यासाठी तयार लायब्रऱ्या घेतो. लायब्ररी ज्या थरावर उभी असते त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. फोनवर तो बहुधा अँड्रॉइड असतो, संगणकावर विंडोज, वेबपानासाठी ब्राउझर. प्लॅटफॉर्मच्या नव्या आवृत्त्या दरवर्षी येतात, लोकांच्या हातातली उपकरणे मात्र त्या वेगाने बदलत नाहीत. म्हणून लायब्ररी सांभाळणाऱ्यांपुढे एक प्रश्न कायम असतो: किती मागच्या आवृत्तीपर्यंत ही लायब्ररी चालती ठेवायची, आणि ती कोणाच्या श्रमावर?

हा प्रश्न दूरच्या प्रोग्रामरांचा वाटतो, पण त्याचे उत्तर खेड्यापर्यंत पोहोचते. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे निमगाव केतकी हे पानमळ्यांसाठी ओळखले जाणारे गाव. आसपास डाळिंब आणि ऊसही आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, फोनवरून करायची अशी पद्धत आली. तलाठ्याच्या वहीचे काम खिशातल्या फोनवर आले. पीक विमा, नुकसानभरपाई, सरकारी खरेदी या सगळ्यांत त्या नोंदीला किंमत असते. अशा वेळी घरातला फोन पाच वर्षांचा की दहा वर्षांचा, याला वेगळेच महत्त्व येते. मुलाने नवा फोन घेतला की जुना वडिलांकडे येतो, आणि सातबारा बहुतेक वडिलांच्याच नावावर असतो.

अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला एक एपीआय क्रमांक असतो. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ चा १९, २०१४ च्या ५.० चा २१, २०१५ च्या ६.० चा २३, २०१७ च्या ८.० चा २६. प्रत्येक ॲप आणि प्रत्येक लायब्ररी ‘मिन एसडीके’ नावाचा आकडा जाहीर करते. त्याहून जुन्या फोनवर आपण चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ॲपचा हा आकडा १९ असेल आणि आत घेतलेल्या एखाद्या लायब्ररीचा २१, तर ॲपची बांधणीच अडते. ॲपकर्त्यापुढे तीन वाटा उरतात: स्वतःचा आकडा वाढवायचा, लायब्ररीची मागची आवृत्ती वापरायची, किंवा सगळा धोका आपल्या अंगावर घेऊन ती तपासणी बंद करायची. पहिली वाट एका ओळीच्या बदलाची असते. त्यामुळे जुना फोन वगळण्याचा निर्णय कित्येकदा ॲपकर्ता घेतच नाही. कुठल्यातरी लायब्ररीने घेतलेला निर्णय त्याच्यापर्यंत वाहत येतो.

सुसंगतता प्रत्यक्षात कशी राखली जाते, हे एका लहानशा उदाहरणातून चांगले कळते. रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात आले. त्याआधी घडवलेल्या फॉन्टमध्ये ते असणे शक्यच नव्हते. बाजारभाव दाखवणाऱ्या ॲपने असे फॉन्ट असलेल्या फोनवर ₹ लिहिले, तर डाळिंबाच्या भावाआधी एक रिकामी चौकट उमटते. मग आधी फोनला विचारावे लागते की हे चिन्ह तुझ्याकडे आहे का. नसेल तर ‘रु.’ लिहायचे. अँड्रॉइडमध्ये हे विचारण्याची सोय ६.० मध्ये आली. त्याहून जुन्या फोनला विचारणार कसे?

गूगलच्या अँड्रॉइडएक्स या लायब्ररीसंचात यासाठी पेंटकॉम्पॅट नावाचा भाग आहे. फोन ६.० किंवा पुढचा असेल तर तो सरळ प्लॅटफॉर्मला प्रश्न विचारतो. जुना असेल तर, अशा फोनवर चालणाऱ्या त्याच्या आवृत्त्यांत, युक्ती करतो: हवे ते चिन्ह किती जागा व्यापते ते मोजतो, कुठल्याही फॉन्टमध्ये नसणारे एक चिन्ह किती जागा व्यापते तेही मोजतो, आणि दोन्ही मापे व आकार जुळले तर पहिल्याच्या जागीही चौकटच उमटणार असे समजतो. वरून दोन्ही फोनांसाठी हाक एकच. आत वाटा दोन. जुन्या प्लॅटफॉर्मला सांभाळून घेणाऱ्या बहुतेक कोडचा सांगाडा असाच असतो. हा द्राविडी प्राणायाम एकदा लायब्ररीत झाला की हजारो ॲपांतून टळतो. अशा कामाची बाहेर वाहवा होत नाही, पण सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत उपयोगी श्रमांत त्याची गणना व्हायला हवी.

सगळेच भाग इतक्या सुबकपणे झाकता येत नाहीत. कॅमेरा आणि स्थान वापरण्याची परवानगी ६.० च्या आधी ॲप बसवतानाच एकदम घेतली जाई. नंतर ती प्रत्यक्ष वापराच्या वेळी विचारावी लागते आणि माणूस ती नाकारू शकतो. पिकाचा फोटो स्थानासह नोंदवणाऱ्या ॲपमध्ये या फरकाने पडद्यांचा क्रमच बदलतो. फोटो साठवण्याचे नियम अँड्रॉइड १० मध्ये, २०१९ साली, पुन्हा बदलले. तारखांचे तसे नाही. जावा भाषेत २०१४ साली आलेली तारखांची नवी, निर्दोष मांडणी अँड्रॉइडवर ८.० पासून मिळाली. मात्र २०२० पासून ॲप बांधणारी साधनेच तो कोड जुन्या फोनला समजेल अशा रूपात ॲपसोबत भरून देतात. ॲपकर्त्याला ती सोय बांधणीत एकदा चालू करावी लागते, एवढेच.

मराठीच्या बाबतीत खरी गुंतागुंत अक्षरांत आहे, आणि ती कृषी ॲपच्या पहिल्याच शब्दात भेटते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवलेला आढळतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात तो र, हलन्त आणि ‘जोडणारे शून्य-रुंदी चिन्ह’ अशा तीन घटकांनी लिहायचा होता. हे तिसरे चिन्ह अदृश्य असते. पुढच्या अक्षराला रफार देऊ नका, र अर्धा दाखवा, एवढेच ते सांगते. पुढे स्वतंत्र ऱ आणि हलन्त हा मार्ग प्रमाण ठरला. आधी लिहिलेले सगळे लेखन कोणी बदलणार नव्हते, म्हणून युनिकोडने जुनी रीतही सुसंगततेसाठी म्हणून नियमांत कायम ठेवली. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात. बारामतीतून वाहणारी कऱ्हा नदी एका पद्धतीने शोधली तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या यादीत सापडत नाही.

एकाच अक्षराची वेगवेगळी साठवलेली रूपे एकरूप करणारे युनिकोडचे सामान्यीकरण इथे अर्धेच काम करते. ऱ हे एक अक्षर म्हणून आले किंवा र आणि खालचा नुक्ता असे आले, तर ती दोन्ही रूपे एकच मानली जातात. अदृश्य चिन्हाची जुनी रीत मात्र त्यात बसत नाही. शोध घेणाऱ्या लायब्ररीने ती ओळखून स्वतंत्रपणे नव्या रूपात आणावी लागते. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या काही लायब्रऱ्या अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढूनच टाकतात. मग र सुटतो, य वर रफार चढतो आणि ‘शेतकर्यांना’ असा चुकीचा शब्द तयार होतो. दऱ्यांचा दर्या होतो. मराठी संकेतस्थळांवर आणि सरकारी याद्यांत ही चूक इतक्या वेळा दिसते की ती लिहिणाऱ्याच्या अज्ञानाची समजली जाते. ती अनेकदा यंत्राने केलेली असते.

ॲ या अक्षराची कथा याच्या उलट दिशेची आहे. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोपर्यंत मराठी माणूस अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवत होता. नवे अक्षर आल्यावर त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये ‘ॲप’ या शब्दाची सुरुवातच चौकटीने होऊ लागली. दुसरीकडे हार्फबझसारखी अक्षरे जुळवणारी आजची लायब्ररी अ आणि सुटा अर्धचंद्र ही जोडणी अवैध मानून मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घालते. जुने लेखन नव्या लायब्ररीत बिघडते आणि नवे लेखन जुन्या फॉन्टमध्ये. दोन्ही टोके सांभाळायची तर मजकूर साठवताना नवे रूप वापरावे लागते, वाचताना दोन्ही स्वीकारावी लागतात, आणि दाखवताना समोरच्या फोनची कुवत पाहावी लागते.

हार्फबझचे नाव सामान्य वाचकाने ऐकलेले नसते, पण त्याच्या फोनवरचे मराठी बहुधा तीच जुळवते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सगळ्यांत ती आहे. फॉन्टमध्ये अक्षरांचे सुटे आकार असतात आणि जोडाक्षरांचे नियम असतात; कोणत्या क्रमाने कोणता नियम लावायचा हे ही लायब्ररी ठरवते. देवनागरी फॉन्टसाठी असे नियम लिहिण्याच्या दोन पिढ्या आहेत. विंडोज व्हिस्टाच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने नवी पद्धत आणली आणि फॉन्टमध्ये तिच्यासाठी वेगळी खूण ठरवली. दोन पद्धतींत मुख्य अक्षरानंतर येणारा हलन्त नेमका कुठे धरायचा, याचाच क्रम वेगळा आहे. जुन्या फॉन्टला नवा क्रम लावला तर त्यातले नियम जुळत नाहीत आणि जोडाक्षर फुटते. म्हणून हार्फबझ आधी फॉन्टमधली खूण पाहते, आणि जुनी असेल तर हलन्त त्या जुन्या क्रमाप्रमाणे हलवून मग पुढे जाते. व्हिस्टा कधीच मागे पडली, पण त्याआधीचे फॉन्ट अजून वापरात आहेत. फॉन्टचा कर्ता कदाचित ते काम सोडून गेला असेल. त्याच्या वतीने जुनी समजूत पाळण्याचे काम लायब्ररी करते.

मात्र लायब्ररी कितीही चांगली असली तरी ती राहते कुठे, यावर बरेच अवलंबून असते. अँड्रॉइडच्या साध्या पडद्यांवरचा मजकूर फोनमध्ये मुळात आलेली हार्फबझ जुळवते, आणि फोनला अपडेट मिळणे थांबले की ती त्या वर्षावरच थांबते. ॲपच्या आत वेबपान दाखवणारा वेबव्ह्यू हा भाग मात्र ५.० पासून प्ले स्टोअरमधून वेगळा अद्ययावत होऊ लागला. त्यामुळे एकाच फोनवर, एकाच ॲपमध्ये, एक शब्द एका पडद्यावर बरोबर आणि दुसऱ्यावर तुटका दिसू शकतो. अँड्रॉइडच्या अगदी आरंभीच्या काळात तर देवनागरीची सोयच नव्हती आणि कित्येक फोनांवर मराठी म्हणजे चौकटींची रांग असे. तेव्हा ऑपेरा मिनी या ब्राउझरने एक वेगळा उपाय दिला होता: एक सेटिंग बदलले की गुंतागुंतीच्या लिपीतली अक्षरे सर्व्हरवरच जुळवून त्यांची चित्रे फोनकडे पाठवली जात. फोनला मराठीचे काहीच कळत नसले तरी वाचता येई. प्लॅटफॉर्मला जमत नाही ते काम दुसरीकडे उरकायचे, ही वाट आजही खुली आहे. ॲपने स्वतःचा फॉन्ट सोबत नेणे हे तिचेच सौम्य रूप. त्याची किंमत डाउनलोडच्या आकारात मोजावी लागते, आणि जुन्या फोनची साठवण लहान असते.

इथवरच्या अडचणी दिसण्याच्या किंवा सोयीच्या होत्या. सुरक्षेचा प्रश्न आला की सुसंगततेची मर्यादा लागते. ॲप सर्व्हरशी बोलते तेव्हा ते संभाषण कूटबद्ध करणारा टीएलएस हा नियमसंच वापरला जातो. त्याची १.२ ही आवृत्ती अँड्रॉइड ५.० पासून आपोआप चालू असते. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत ती असूनही बंद ठेवलेली होती, आणि आणखी जुन्यांत नव्हतीच. स्क्वेअर या कंपनीची ओकेएचटीटीपी ही अँड्रॉइडवर फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी लायब्ररी. तिने फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून ५.० हा किमान प्लॅटफॉर्म ठरवला. पण जुन्यांना त्याच दिवशी वाऱ्यावर सोडले नाही. ३.१२ ही शाखा वेगळी ठेवली, हे जुने प्लॅटफॉर्म खरे तर वापरू नयेत असे स्पष्ट लिहिले, आणि तरीही बदल करणे अवघड असते हे मान्य करून गंभीर चुकांच्या दुरुस्त्या २०२१ अखेरपर्यंत त्या शाखेत देण्याचे जाहीर केले. तारीख आधी सांगितलेली, मर्यादा आधी सांगितलेली. जुन्या प्लॅटफॉर्मचा निरोप घेण्याची इतकी प्रामाणिक रीत इतर अनेकांनी उचलावी अशी आहे.

दुसरा प्रसंग प्रमाणपत्रांचा. संकेतस्थळ खरेच त्या मालकाचे आहे, हे फोन एका विश्वासू मूळ प्रमाणपत्रावरून ठरवतो आणि अशा मूळ प्रमाणपत्रांची यादी फोनमध्येच असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत प्रमाणपत्रे देते. तिचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइडच्या यादीत ७.१.१ पासून, म्हणजे २०१६ च्या अखेरीस आले. जुन्या फोनांसाठी तिने दुसऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेतला होता, आणि त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होती. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने हे जाहीर केले तेव्हा जगातले सुमारे एक तृतीयांश अँड्रॉइड फोन ७.१ च्या आधीचे होते. ते सगळे असंख्य संकेतस्थळांना मुकणार होते. तोडगा अँड्रॉइडच्याच एका सवयीत सापडला: मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का, हे अँड्रॉइड तपासत नाही. त्या आधारे तीन वर्षांची नवी जोडणी करण्यात आली आणि जुने फोन चालू राहिले. पण मुदत संपलेल्या प्रमाणपत्राकडे जाणारी हीच साखळी ओपनएसएसएल १.०.२ या जुन्या लायब्ररीला पचली नाही, आणि तिच्यावर चालणारे कित्येक सर्व्हर व उपकरणे त्या दिवशी अडली. एका जुन्या प्लॅटफॉर्मला सांभाळताना दुसरा जुना प्लॅटफॉर्म तुटतो, हे या कामातले सर्वांत कठीण वास्तव आहे. २०२४ मध्ये ती जोडणीही संपली.

मग सीमा आखायची कुठे? रूढ उत्तर टक्केवारीचे असते. एखादी आवृत्ती वापरणारे फोन एक-दोन टक्क्यांवर आले की तिचा आधार काढून घेतात. अँड्रॉइडएक्सचा सर्वसाधारण किमान आकडा गेल्या काही वर्षांत १४ वरून १९, मग २१ आणि पुढे २३ वर गेला. गूगल प्ले सर्व्हिसेसने २०२१ मध्ये अँड्रॉइडची जेली बीन ही आवृत्ती आणि २०२३ मध्ये किटकॅट, म्हणजे ४.४, सोडली. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.० च्या खालचे अँड्रॉइड सोडले. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. प्रत्येक जुनी आवृत्ती म्हणजे दुहेरी कोड, दुहेरी चाचणी, आणि कधीही न उघडली जाणारी एक वाट जिथे चूक दडून बसते. लायब्रऱ्या सांभाळणारे पुष्कळ जण हे काम विनामोबदला करतात. त्यांच्याकडून अनंत काळ मागणी करत राहणे योग्य नाही.

पण टक्केवारी एक गोष्ट लपवते. खेळ किंवा खरेदीचे ॲप बंद पडले तर माणूस दुसरे शोधतो. पिकाच्या नोंदीचे, निवृत्तिवेतनाचे किंवा रेशनचे ॲप बंद पडले तर त्याला पर्याय नसतो, आणि उरलेल्या एक-दोन टक्क्यांत नेमके तेच लोक जास्त असतात ज्यांना नवा फोन लगेच घेणे जमत नाही. जगभराच्या सरासरीत किरकोळ ठरलेला आकडा एखाद्या तालुक्यात किरकोळ नसतो. म्हणून सार्वजनिक सेवेच्या ॲपने लायब्ररी निवडतानाच तिचा किमान आकडा पाहिला पाहिजे, आणि तो आकडा आपल्या नोंदणीकृत वापरकर्त्यांच्या फोनांशी ताडून घेतला पाहिजे, जगाच्या आलेखाशी नव्हे. सुरक्षेची सीमा ही खालची शेवटची रेषा. तिच्या वर, केवळ कोड नीटनेटका दिसावा म्हणून कोणाला वगळणे समर्थनीय ठरत नाही.

ब्राउझरच्या बाजूलाही हेच घडले आहे. २०१७ साली आलेल्या जिओफोनवरची कायओएस ही प्रणाली फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीतल्या इंजिनवर उभी होती, आणि ते इंजिन २०१६ चे. स्वस्त फोन म्हणून खेड्यापाड्यांत गेलेल्या या उपकरणावर नंतरच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली पाने कोरी राहत, जोवर बांधणीच्या वेळी तो कोड जुन्या बोलीत उतरवला जात नसे. बेबल हे साधन नेमके हे भाषांतर करते. जेक्वेरीने याआधी वेगळा मार्ग घेतला होता: एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या २.० मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६, ७ आणि ८ सोडले, पण तीच कामे करणारी १.x ही शाखा जुन्या ब्राउझरांसाठी समांतर चालू ठेवली. ज्याला हलके हवे त्याने दोन घ्यावे, ज्याला जुन्यांना सोबत न्यायचे त्याने एक. दोन शाखा सांभाळण्याचा भार मोठा असतो, पण निर्णय वापरणाऱ्याच्या हाती राहतो.

शाखा ठेवणे जमत नसेल तर निदान शेवटची चालणारी आवृत्ती मिळत राहिली पाहिजे. पायथॉनच्या लायब्रऱ्यांत यासाठी चांगली व्यवस्था आहे. प्रत्येक आवृत्ती आपल्याला पायथॉनची कोणती आवृत्ती लागते ते सोबतच्या माहितीत लिहिते, आणि पिप हे बसवणारे साधन २०१६ पासून ती माहिती पाहून जुन्या संगणकाला त्याच्याजोगी शेवटची आवृत्ती स्वतःच निवडून देते. १ जानेवारी २०२० ला पायथॉन २ चा आधार संपला तरी त्यावरची कामे त्याच दिवशी कोसळली नाहीत, याचे बरेच श्रेय या एका ओळीच्या माहितीला जाते.

चाचणीवाचून यातले काहीही टिकत नाही. लायब्ररीत बदल झाला की तो सर्व मान्य आवृत्त्यांवर आपोआप चालवून पाहणे ही आता रूढ पद्धत आहे, आणि त्यासाठी फोनची नक्कल करणारे एम्युलेटर वापरतात. त्यांना मर्यादा आहे. फोन कंपन्या फॉन्ट, कॅमेरा आणि बॅटरीचे नियम आपल्या परीने बदलतात. नकलेत ते बदल नसतात. मराठी मजकुरासाठी तर कोणता शब्द तपासायचा हे ठरवायलाही मराठी जाणणारा माणूस लागतो. ‘नमस्कार’ बरोबर दिसला म्हणजे ‘वऱ्हाड’ बरोबर दिसेल असे नाही. ऱ्य, ऱ्ह, ॲ, ₹ आणि मोठी जोडाक्षरे असलेली लहानशी शब्दयादी प्रत्येक चाचणीत ठेवली, तर वर सांगितलेले बहुतेक दोष प्रकाशनाआधीच सापडतात.

सर्वांत शेवटी येतो सर्व्हर, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. ॲपने किमान आवृत्ती वाढवली तरी जुन्या फोनवर आधी बसवलेले ॲप तिथेच राहते. त्याला फक्त पुढचे बदल मिळत नाहीत. ते अजूनही सर्व्हरशी जुन्याच बोलीत बोलते. सर्व्हरने नोंदीचा साचा बदलला आणि जुना स्वीकारणे बंद केले, तर फोनवरचे ॲप शाबूत असूनही निकामी होते, आणि शेतात काढून ठेवलेली, अजून न पाठवलेली नोंद फोनमध्ये अडकते. म्हणून सर्व्हरने प्रत्येक विनंतीसोबत ॲपची आवृत्ती मागावी, जुने साचे जाहीर केलेल्या तारखेपर्यंत स्वीकारावेत, आणि ती तारीख जवळ आली की जुन्या ॲपच्या पडद्यावर मराठीत, स्पष्ट शब्दांत, पर्यायी ठिकाणाच्या पत्त्यासह सूचना द्यावी. ही सूचना दाखवण्याची सोय ॲपच्या पहिल्याच आवृत्तीत असावी लागते, कारण ज्या फोनला अपडेट मिळत नाही त्यावर ती नंतर पोहोचवता येत नाही.